मेणबत्त्यांचे लवचीक साचे : जुने साचे पुन्हा कामात आणणे आणि जपणे

मेणवात (महाल)

नमस्कार. माझ्या सासूबाईंनी नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या मागच्या खोलीत जवळपास वीस वर्षे मेणबत्त्या केल्या. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे त्यांचे बसणे-उठणे अवघड झाले आणि सगळे साचे लोखंडी पेटीत गेले. आता ते काम मी पुन्हा सुरू करते आहे. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर येणारी माणसे मेणबत्ती लावून वंदन करतात, त्यानंतर लगेच दिवाळी येते, आणि या दोन्ही वेळी सासूबाईंच्या मेणबत्त्यांना ठरलेले गिऱ्हाईक असे. म्हणून पावसाळा संपण्याआधी साचे तयार असावेत, अशी माझी इच्छा आहे.

पेटीतून एकूण ३४ साचे निघाले. त्यांत पांढऱ्या आणि फिकट गुलाबी रंगाचे जाड, मऊ साचे सर्वांत जास्त आहेत. संत्रे, उमललेले कमळ आणि ध्यानस्थ बुद्ध हे त्यांतले मुख्य. बुद्धाच्या साच्याला तोंडाकडून आत साधारण दोन बोटे चीर गेली आहे, आणि संत्र्याच्या साच्याचे वातीचे भोक इतके मोठे झाले आहे की त्यातून मेण गळते. दुसरा गट मोज्यासारख्या पातळ, मधाच्या रंगाच्या साच्यांचा आहे. ते एकमेकांना चिकटलेले आहेत आणि दोन साचे ओढताना फाटले. उरलेले दोन साचे पिवळसर आणि जड आहेत, आणि त्यांच्यावर हात ठेवला तर काकवीसारखा चिकटपणा हाताला लागतो.

एक चूक मी आधीच केली आहे. जुने मेण निघावे म्हणून कमळाचा साचा रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला, तर सकाळी तो फुगून जवळपास सव्वापट झाला होता. तो आता गेलाच का? बुद्धाचा साचा सासूबाईंनी स्वतः घडवलेल्या मातीच्या मूर्तीवरून घेतला होता आणि ती मूर्ती आता नाही, त्यामुळे माझा जीव त्या साच्यात सर्वांत जास्त अडकला आहे.


रसायनवही (त्रिमूर्ती नगर)

ताई, कमळाचा साचा टाकू नका. तुमच्या वर्णनावरून तो सिलिकॉनचा, म्हणजे एका मऊ कृत्रिम रबराचा दिसतो. सिलिकॉन हे रॉकेल, पेट्रोल, थिनर यांसारखे द्रव शोषून फुगते, परंतु ते द्रव उडून गेले की बहुतांशी मूळ मापावर परत येते. तो साचा पुसून घराबाहेर, सावलीत, हवेशीर जागी, विस्तवापासून दूर, चार-पाच दिवस मोकळा ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय त्याला उष्णता देऊ नका, कारण रॉकेलची वाफ पेट घेते. साचा परत आल्यावर थोडा कोरडा आणि कमी निसरडा वाटेल, कारण रॉकेलबरोबर त्यातले मुक्त सिलिकॉन तेलही काही प्रमाणात निघून गेलेले असते. तरीही तो चालेल.

दुरुस्तीला हात घालण्याआधी कोणता साचा कशाचा आहे हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण एका प्रकाराचे औषध दुसऱ्या प्रकाराला मारते. तुमच्या वर्णनावरून पांढरे-गुलाबी साचे सिलिकॉनचे, मोज्यासारखे साचे लॅटेक्सचे म्हणजे नैसर्गिक रबराचे, आणि चिकट पिवळे साचे पॉलियुरेथेनचे म्हणजे आणखी एका कृत्रिम रबराचे असावेत. शंका असेल तर साच्याच्या बाहेरच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून, चिमट्यात धरून, अंगणात जाळून पाहावा. सिलिकॉन जळाल्यावर पांढरी राख मागे उरते, कारण त्यातले सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूच्याच कुळातल्या सिलिकामध्ये बदलते. लॅटेक्स काळा, काजळीचा धूर सोडते आणि रबर जळल्याचा ओळखीचा वास येतो. तुकडा लहानच घ्या आणि धूर नाकात जाऊ देऊ नका.

सिलिकॉनमध्येही दोन जाती आहेत आणि हा भेद दुकानात क्वचितच कोणी सांगतो. ज्यात द्रव सिलिकॉनमध्ये शेकडा दोन ते चार भाग हार्डनर (घट्ट करणारा द्रव) घालावा लागतो, ते बहुधा कथिलाच्या संयुगावर घट्ट होणारे सिलिकॉन असते. ज्याचे दोन डबे समसमान मिसळतात, ते बहुधा प्लॅटिनमवर घट्ट होणारे असते. कथिलाचे सिलिकॉन स्वस्त आहे आणि कोणत्याही मूर्तीवर सहज घट्ट होते, मात्र ते काळाबरोबर किंचित आकसते आणि वापरले नाही तरी काही वर्षांनी ठिसूळ होत जाते. प्लॅटिनमचे सिलिकॉन फारसे आकसत नाही आणि पुष्कळ अधिक टिकते, पण घट्ट होताना गंधक, लॅटेक्स, काही प्रकारची शिल्पमाती किंवा कथिलाचे सिलिकॉन यांचा स्पर्श झाला तर त्या जागी ते चिकटच राहते. जुना साचा कोणत्या जातीचा हे पाहायचे असेल, तर त्याच्या बाहेरच्या बाजूला ताज्या प्लॅटिनम सिलिकॉनचा एक थेंब लावावा. थेंबाचा तळ दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला, तर साचा कथिलाचा समजून पुढची पावले टाकावीत.

पिवळ्या साच्यांबद्दल वाईट बातमी आहे. काही पॉलियुरेथेन रबरांची साखळी हवेतल्या ओलाव्याने तुटत जाते आणि वरचा थर चिकट होतो. पेटीत चार पावसाळे गेले म्हणजे तेवढा ओलावा त्यांना मिळालेला आहे. हा बदल उलट फिरवता येत नाही. पावडर लावून चिकटपणा झाकेल, पण पुढच्याच ओतकामात तो मेणावर उतरेल.


साचेकार (सदर)

मी गेली अकरा वर्षे नाताळसाठी मेणबत्त्या करतो आणि माझे बहुतेक साचे सिलिकॉनचे आहेत, म्हणून चिरेबद्दल सविस्तर लिहितो.

सिलिकॉनला ताणाची भीती नसते, खाचेची असते. अख्खा साचा तुम्ही दुप्पट ताणला तरी त्याला काही होत नाही, पण कडेला नखाएवढी खाच असेल तर तेवढाच ताण तिच्या टोकाशी एकवटतो आणि चीर कापडासारखी पुढे धावते. म्हणून पहिले काम असे, की बुद्धाचा साचा दुरुस्त होईपर्यंत त्यात काहीही ओतू नका आणि चीर किती खोल आहे हे पाहण्यासाठी ती पुन्हा पुन्हा उघडू नका.

चिकटवण्याच्या बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की सिलिकॉनला सिलिकॉनच धरते. फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, रबर सोल्यूशन, इपॉक्सी यांतले काहीही टिकत नाही. झटपट चिकटणारा गोंद तर कडक काचेसारखा थर करतो आणि त्याच्या कडेपासून नवी चीर सुरू होते. खिडक्यांच्या फटी भरायला वापरतात ते, शिर्क्यासारखा वास येणारे पारदर्शक सिलिकॉन सीलंट यासाठी उत्तम. ते साधे असावे, बुरशीरोधक नको.

साचा आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. चिरेच्या दोन्ही तोंडांवर बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दहा मिनिटे ठेवा. सीलंट दातकोरणीने चिरेच्या तळापर्यंत अगदी पातळ लावा, दोन्ही तोंडे नक्षी जुळवून मिटवा आणि आतल्या बाजूला आलेला सीलंट साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने लगेच निपटून काढा, कारण तिथे उरलेला प्रत्येक कण पुढच्या प्रत्येक मेणबत्तीवर दिसेल. यानंतर बाहेरून, चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट पसरेल अशी मलमलीची पट्टी सीलंटमध्ये भिजवून बसवा आणि चिरेच्या टोकापलीकडे ती निदान एक बोट न्या. हा बाहेरचा पट्टाच खरा भार उचलतो.

आता नागपूरची खास अडचण. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होते. नेहमीच्या हवेत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर जाडी पक्की होते, पण आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरची साय धरायलाच वेळ लागतो आणि आतला भाग दिवसेंदिवस कच्चा राहतो. मी स्वतः एका मे महिन्यात अशी कच्ची दुरुस्ती वापरात घेतली आणि चांगला साचा मूळ चिरेपेक्षा जास्त फाडून घेतला. उन्हाळ्यात साचा कूलरच्या खोलीत ठेवावा किंवा शेजारी पाण्याचे भांडे ठेवून वर टोपली झाकावी. तुम्ही पावसाळ्यात काम करणार आहात, म्हणून हा प्रश्न येणार नाही, तरी पूर्ण आठवडाभर थांबाच.

संत्र्याच्या भोकासाठी वातीच्या सुईला व्हॅसलिनचा पातळ हात द्या, ती भोकात बरोबर मध्यभागी उभी करा आणि बाहेरून सीलंट भरा. पक्के झाल्यावर सुई सरळ ओढून काढा. व्हॅसलिन भोकाच्या भिंतीला लागू देऊ नका, नाहीतर सीलंट तिथे धरणार नाही.


कामठीकर (कामठी)

लॅटेक्सच्या साच्यांबद्दल मी लिहितो. कामठीला ड्रॅगन पॅलेसच्या परिसरात बुद्धपौर्णिमेला मेणबत्त्यांना मागणी असते आणि आमच्याकडे अजूनही लॅटेक्सचे साचे वापरतात, कारण ते मोज्यासारखे उलटे सोलून काढता येतात आणि बारीक नक्षी न तुटता बाहेर येते.

चिकटलेले साचे ओढू नका. कोमट पाण्यात थोडा साबण घालून त्यात ते अर्धा तास ठेवा आणि पाण्यातच बोटाने हळूहळू अलग करा. सावलीत वाळले की आतून-बाहेरून शंखजिऱ्याची साधी, बिनवासाची पावडर लावा. त्यानंतर प्रत्येक साचा दिव्याच्या उजेडासमोर धरून थोडा ताणून पाहा. बारीक समांतर भेगांचे जाळे दिसले किंवा पृष्ठभाग पावडर लावूनही चिकट राहिला, तर रबर कुजले आहे आणि त्याला उपाय नाही. भेगा नसतील आणि फक्त एक-दोन ठिकाणी फाटले असेल, तर द्रव लॅटेक्सने ठिगळ लावता येते. फाटलेल्या जागेच्या बाहेरून लॅटेक्सचा हात द्यावा, ओला असतानाच जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा बसवावा आणि वरून तीन-चार पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात दुधाळ पांढऱ्यापासून मधाच्या रंगाचा झाल्याशिवाय पुढचा देऊ नये. घाईने जाड थर दिला तर वरची साय धरते आणि आत पाणी अडकून राहते.

लॅटेक्सला ऊन, तेल आणि तांबे हे तिन्ही वर्ज्य आहेत. तांब्याचा अंश रबराच्या कुजण्याचा वेग वाढवतो, म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यात किंवा पितळी मूर्तीवर चढवून हे साचे ठेवू नयेत. गच्चीवर वाळत घालण्याची आपल्याकडे सवय आहे, सिलिकॉनला ती चालून जाते, लॅटेक्सला मात्र नागपूरचे एक दुपारचे ऊनही महागात पडते. पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचे नेहमीचे मेण, हेही खनिज तेलाच्या कुळातलेच असल्यामुळे ते प्रत्येक ओतकामात रबरात थोडे थोडे मुरते, आणि म्हणूनच लॅटेक्सचा साचा किती वेळा वापरला याची खूण पेन्सिलीने बाहेर करून ठेवणे उपयोगी पडते.


मेणवात (महाल)

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कमळाचा साचा सहाव्या दिवशी मूळ मापावर आला. शेजारच्या कमळाच्या मेणबत्तीशी ताडून पाहिले तर फरक डोळ्यांना दिसत नाही. लॅटेक्सचे अकरापैकी सात साचे भेगाळलेले निघाले, चार ठीक आहेत.

आता नवा प्रश्न. सिलिकॉनच्या काही साच्यांना आतून तेलकट झिलई आहे, मोगऱ्याचा तीव्र वास येतो आणि साबणाने धुऊनही दुसऱ्या दिवशी तेल पुन्हा वर येते. सासूबाई पॅराफिनमध्ये स्टिअरिक ॲसिड घालत आणि सुगंधी तेलही. त्याचा काही संबंध आहे का?


रसायनवही (त्रिमूर्ती नगर)

दोन्हींचा संबंध आहे. सुगंधी तेलाचे रेणू सिलिकॉनमध्ये शिरतात, आतपर्यंत मुरतात आणि साचा रिकामा राहिला की परत पृष्ठभागावर येतात. म्हणून नुसते वरवर धुऊन ते जात नाही, त्यांना उष्णतेने बाहेर काढावे लागते. स्वयंपाकाला वापरत नाही अशा ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या भट्टीत) साचा ९० ते १०० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, गरम असताना आलेले तेल जुन्या सुती कापडाने टिपा, आणि वास राहिला तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. सिलिकॉन या तापमानाला सहज सोसते. लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा साचा चुकूनही आत ठेवू नका. जुने मेण काढण्याची पद्धतही हीच आहे : ७५ अंशांच्या आसपास मेण वितळते आणि कापडाने टिपता येते. सुरी, दाभण किंवा तारेची घासणी लावली की साचेकार यांनी सांगितलेली खाच तयार होते. टिपलेले मेण मोरीत जाऊ देऊ नका, ते नळात जाऊन थिजते.

स्टिअरिक ॲसिडने मेण कठीण आणि अपारदर्शक होते आणि धातूच्या साच्यातून मेणबत्ती सहज सुटते, म्हणून ते वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण ते आम्ल आहे आणि रबरी साच्यांवर वाईट परिणाम करते, लॅटेक्सवर लवकर, सिलिकॉनवर सावकाश. लवचीक साच्यातून मेणबत्ती साचा सोलून काढायची असते, त्यामुळे सुटण्यासाठी त्याची गरजच नसते. कठीणपणा हवा असेल तर जास्त वितळणबिंदूचे पॅराफिन घ्या किंवा मधमाशीचे मेण थोडे मिसळा, ते ६२ ते ६४ अंशांना वितळते.


साचेकार (सदर)

ओतण्याच्या तापमानाबद्दल माझे ठाम मत आहे. साचे चिरेने मरतात असे दिसते, प्रत्यक्षात ते आधी अतितप्त मेणाने अशक्त झालेले असतात. ५८-६० अंशांना वितळणारे नेहमीचे पॅराफिन ७० अंशांच्या आसपास ओतले तर पुरते. बारीक नक्षी उठावी म्हणून लोक मेण ९० अंशांवर नेतात, त्याऐवजी साचा आधी कोमट करावा. थर्मामीटर घ्याच, मेण हलले म्हणजे झाले हा अंदाज चुकतो.

आणि काढण्याची घाई नको. मेच्या दुपारी खोलीत ४२-४३ अंश असताना ६० अंशांना वितळणारे मेण बाहेरून घट्ट दिसले तरी आत लोण्यासारखे असते. अशा वेळी सोलले तर मेणबत्ती वाकते आणि तिला सावरताना साच्यावर भलतीकडे जोर पडतो. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू असताना मी पहाटे चारला ओततो आणि आठपूर्वी साचे मोकळे करतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा मोह टाळा, मेणाला आतून तडे जातात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दहा मिनिटे चालतील.

सिलिकॉन स्प्रेबद्दल, म्हणजे साचा निसरडा करणाऱ्या सिलिकॉन तेलाच्या फवाऱ्याबद्दल, कामठीकर यांच्याशी पूर्वी माझा वाद झाला होता. कोरड्या पडलेल्या साच्याला त्याचा हलका हात दिला तर तो आणखी काही महिने काम देतो, हे खरे आहे. पण स्प्रे मारलेल्या जागी नंतर दुरुस्तीचा सीलंट धरत नाही. त्यामुळे आधी दुरुस्ती, मग स्प्रे, हा क्रम मोडू नये.


कामठीकर (कामठी)

क्रम मला मान्य आहे. मेणवातताई, एक सांगणे राहिले होते. बुद्धाच्या साच्याची दुरुस्ती जमली की त्यातून लगेच विक्रीच्या मेणबत्त्या काढू नका. आधी प्लास्टर ऑफ पॅरिसची एक प्रत काढा. मूळ मूर्ती नाही, म्हणजे तो साचा हीच तिची एकमेव खूण आहे, आणि जुने सिलिकॉन कधी दगा देईल याचा नेम नाही. प्लास्टरची प्रत चिरेच्या रेषेवर बारीक पॉलिशपेपरने साफ करून, लाखेचे दोन पातळ हात देऊन ठेवा, म्हणजे तिच्यावरून पुढे नवा साचा घेता येईल. नव्या साच्याला प्लॅटिनमचे सिलिकॉन वापरा, आणि जुन्या साच्याचा अंश प्रतीवर राहिला नाही ना, हे आधी एका कोपऱ्यावर थेंब लावून पाहा. प्रतीवरून प्रत घेताना माप थोडे थोडे घटते, म्हणून नंतरचे सगळे साचे या पहिल्याच प्रतीवरून घ्यावेत.


रसायनवही (त्रिमूर्ती नगर)

कामठीकर यांनी सर्वांत मोलाची गोष्ट सांगितली. नवा साचा करताना हार्डनर वजनकाट्यावर मोजूनच घाला. लवकर घट्ट व्हावे म्हणून कथिलाच्या सिलिकॉनमध्ये जास्त हार्डनर घालणारे पुष्कळ आहेत, आणि असा साचा जास्त आकसतो व लवकर ठिसूळ होतो. मेणबत्ती काढण्यासाठी चीर द्यायची असेल तर ती सरळ न देता नागमोडी द्या, म्हणजे बंद करताना दोन्ही कडा आपोआप एकमेकींत बसतात. बांधायला पातळ, घट्ट रबरबँड नको, रुंद घ्या, नाहीतर साचा आवळून लंबगोल होतो.

साठवण्याबद्दल थोडक्यात : एकावर एक रचू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कारण शाई साच्यावर उतरते, आणि पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, कारण त्यांची वाफ रबर शोषून घेते. प्रत्येक साच्यात प्लास्टरचा गाभा असेल तर आकार बिघडत नाही. वाकडा झालेला सिलिकॉनचा साचा असाच गाभा घालून गरम पाण्यात अर्धा तास ठेवला आणि गाभ्यासकट थंड होऊ दिला, तर बराच सरळ होतो.


मेणवात (महाल)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बुद्धाच्या साच्याला साचेकार यांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी बसवली आणि आठ दिवस हात लावला नाही. नंतर प्लास्टरची प्रत काढली. डाव्या खांद्यामागे केसाएवढी रेष आली होती, ती सासूबाईंनीच खुर्चीवर बसून पॉलिशपेपरने पुसली आणि कानाच्या पाळीजवळ एका जागी नक्षी बोथट झाली होती ती दाभणाने पुन्हा कोरली. ही प्रत आता लाख देऊन कपाटात ठेवली आहे, आणि तिच्यावरून नवा साचा पुढच्या आठवड्यात घेणार आहे.

मोगऱ्याच्या वासाचे साचे दोनदा ओटीजीत ठेवल्यावर कोरडे झाले. संत्र्याचे भोक आता गळत नाही. भेगाळलेले सात लॅटेक्सचे आणि दोन पिवळे साचे काढून टाकले, पण त्याआधी एका पिवळ्या साच्यातून पणतीच्या आकाराची प्लास्टरची प्रत घेतली. पृष्ठभाग खरखरीत आला, तरी तो घासून घेता येईल असे सासूबाई म्हणतात. स्टिअरिक ॲसिडचा उरलेला डबा धातूच्या नळीच्या साच्यांसाठी वेगळा ठेवला आहे.

पहिल्या ओतकामासाठी साधे, बिनवासाचे पॅराफिन ७० अंशांवर घेतले. सहा कमळे आणि चार संत्री निघाली. रॉकेलमध्ये फुगलेल्या कमळाच्या साच्यातून आलेली मेणबत्ती इतरांपेक्षा थोडी निस्तेज आहे. त्या साच्याला स्प्रेचा हलका हात आताच द्यावा, की आणखी काही वेळा ओतून पाहावे?


साचेकार (सदर)

ताई, त्यात दुरुस्ती नाही, म्हणून स्प्रे आताच द्यायला हरकत नाही. अगदी हलका द्या, कापडाने पुसून घ्या आणि पहिली मेणबत्ती विक्रीला ठेवू नका.